उभ्याने लागणारे चोक आणि लॉक: तुम्ही कसे शिकलात?

मी 36 व्या वर्षी पुण्यात ग्रॅपलिंगच्या वर्गात नाव घातलं. जाड सदरा नाही, पट्टा नाही. गळा आवळून किंवा सांधा अडकवून समोरच्याला टॅप करायला, म्हणजे थापटून हार मानायला लावायचं, एवढाच खेळ. पहिले आठ महिने आम्ही गुडघ्यांवर बसूनच सुरुवात करायचो. जागा कमी, माणसं जास्त. उभ्याने खेळलं की कुणीतरी कुणाच्या तरी पोटरीवर पडणारच. खाली माझं बरं चालायचं, त्यामुळे आपल्याला येतंय असा समज झाला.

मग एका छोट्या स्पर्धेत उतरलो. रेफरीने दोघांना उभं केलं आणि लक्षात आलं, मला उभ्याने काहीच येत नाही. समोरचा तालमीतला. त्याने झपकन पट काढला, म्हणजे वाकून माझे पाय धरले, मी घाबरून त्याच्या मानेला मिठी मारली आणि तसाच मागे पडलो. काही वेळाने तो माझ्या बरगडीवर थापटायला लागला. आपण गिलोटिन, म्हणजे मान काखेत धरून गळा आवळायचा डाव, लावला होता, हे मला नंतर व्हिडिओ बघून कळलं.

न शिकलेल्या डावाने जिंकल्याची लाज वाटली म्हणून पुढचं वर्ष तोच एक डाव गिरवला. हाताने ओढून काही होत नाही, मिनिटभरात हात भरून येतात आणि समोरचा मजेत श्वास घेत असतो. मनगटाचं अंगठ्याकडचं हाड त्याच्या हनुवटीखाली बसलं पाहिजे, कोपर अंगाला चिकटलं पाहिजे, आणि मग आपली कंबर पुढे, छाती वर. मान नीट न सापडता नुसती मिठी मारली, तर तो तुम्हाला उचलून आपटतो. हेही अनुभवाने सांगतोय.

तुमचे अनुभव लिहा. तालीम, ज्यूदो, ज्युजित्सू, काहीही चालेल. डाव उभ्याने सुरू झालेला असावा एवढंच.

*

कोल्हापूरहून लिहितोय. वय 62, गुडघे गेलेत, पण रोज तालमीत जातो.

आमच्यात गळा आवळणं बसत नाही, तो फाऊल. म्हणून पट काढताना डोकं कुठं ठेवायचं याचा पैलवान फारसा विचार करत नाही. भाचा माझा दहा वर्षं मातीत खेळला, मग पुण्याला जाऊन हे तुमचं ग्रॅपलिंग धरलं. पहिल्या महिन्यात रोज फोन. "मामा, मी खाली घेतो आणि मीच हरतो." म्हटलं, असं कसं? तर ह्याचं डोकं बाहेरनं, मान खाली. समोरच्याला आयतीच काखेत. त्याच्या सरांनी एकच सांगितलं, कान त्याच्या छातीला चिकटव आणि नजर वर. तेवढ्यानं निम्मं दुखणं गेलं.

दुसरं दुखणं मोठं. आपल्याकडं पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. त्यामुळं पडताना पैलवानाचं अंग आपोआप पोटावर वळतं, कुणी सांगावं लागत नाही. 1910 साली लंडनला गामाविरुद्ध पोलंडचा झिबिस्को असाच जवळजवळ तीन तास बहुतेक वेळ पोटावर पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. ह्या खेळात तसं पोटावर पडलं की वरचा पाठीवर बसतो, गळ्यात हात घालतो, खेळ खलास. पोराला ढाकेचा, म्हणजे वळून कमरेवरनं फेकायच्या डावाचा, भारी नाद. ढाक बसली तर बसली. हुकली की ह्याची पाठ त्याच्या छातीला. सहा महिने त्यानं ढाक बंद ठेवली होती.

2021 च्या डिसेंबरात सिंगापूरची रितू फोगाटची मिक्स्ड मार्शल आर्ट्सची फायनल त्यानं मला मोबाईलवर दाखवली. पोरगी खाली घेतेय, मी इकडं शड्डू ठोकतोय. आणि दुसऱ्या फेरीत त्या थायलंडच्या स्टॅम्पनं हाताला असा लॉक घातला की संपलंच. त्या दिवशी मला पोराचं रडगाणं समजलं.

*

11 वर्षं ज्यूदो, आता मुंबईत ज्युजित्सू. मुलगी आहे म्हणून सुरुवातीला सगळे हलकेच धरायचे, ते एका ओसोतो-गारीनंतर (मागून पाय लावून पाडायचा डाव) थांबलं.

ज्यूदोत उभ्याने समोरच्याचा हात काखेत धरून सगळं वजन टाकत खाली पडलात तर थेट हन्सोकुमाके, म्हणजे बाहेर. वाकी-गातामेचं, म्हणजे या काखेतल्या लॉकचं, हे असं का, ते मला शाळेत असताना सरांनी न बोलता दाखवलं होतं. माझा हात सरळ धरला, काखेत घेतला आणि फक्त एक पाऊल वाकले. कोपर मोडायला फार ताकद लागत नाही. वजन पडायला लागलं की ते परत घेता येत नाही आणि समोरच्याला टॅप करायला वेळच उरत नाही. पायांची कात्री, कानी-बासामी, तिचंही तसंच. 1980 च्या अखिल जपान स्पर्धेत ज्यूदोपटू यामाशिताचा पाय तिनेच मोडला. सरावात मी ती कुणाला लावत नाही, कुणी लावू लागला तर खेळ थांबवते.

माझा आवडता म्हणजे किमुरा, हात पिरगळून खांद्याला लावायचा लॉक. कुणी मागून कमरेला मिठी मारली की बहुतेक जण त्याची बोटं सोडवत बसतात. मी एक मनगट पकडते, माझा दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून माझंच मनगट धरते, आणि वळते. वळताना त्याची कोपर माझ्या छातीपासून लांब गेली की सगळं फसतं. मला हे जमायला दोन पावसाळे गेले. नाव ज्याच्यावरून पडलं त्या जपानी ज्यूदोपटू मासाहिको किमुराने 1951 मध्ये रिओला ब्राझीलच्या ज्युजित्सूवाल्या हेलिओ ग्रेसीला आधी उभ्याने आपटून आपटून दमवलं आणि मग खाली तो लॉक लावला. हात मोडला तरी हेलिओने टॅप केलं नाही, त्याच्या बाजूच्यांनी टॉवेल टाकला. वर्गातल्या मुलांना यात मर्दुमकी दिसते. मला मोडलेला हात दिसतो.

*

नागपूर. मी व्हिडिओ पाहून उडता आर्मबार, म्हणजे उडी मारून पायांनी हात अडकवायचा लॉक, शिकलो बे. मित्राच्या खांद्यावर पाय टाकला, मित्र घाबरून बाजूला झाला, मी मनगटावर. दीड महिना प्लास्टर. पुढचा.

*

न्यू जर्सी. वय 44, वजन 56 किलो. मुलाला ज्युजित्सूला सोडायला जायचे, बाकावर बसून कंटाळले, मग स्वतःच मॅटवर उतरले. शनिवारच्या बॅचला दुसरी बाई नसते, त्यामुळे जोडीला 90 किलोचे पुरुष.

अशा माणसाचा पट काढायचा विचारही करू नये. मला आर्म ड्रॅगने वाचवलं. त्याचं मनगट एका हातात, दुसऱ्या हाताने आतून त्याचा दंड काखेजवळ पकडायचा. इथवर सगळ्यांना येतं. मग सगळे त्याला ओढतात, मीही ओढायचे, आणि तो जागचा हलायचा नाही. आमचे कोच म्हणाले, झाड ओढू नकोस, झाडाच्या मागे जा. त्याचा हात जागेवर ठेवून मी बाजूला सरकले आणि पहिल्यांदा कुणाच्या तरी पाठीमागे पोचले. मागे गेल्यावर मात्र काय करायचं ते सुचेना, नुसती चिकटून उभी राहिले. त्याने मान वळवून विचारलं, ठीक आहेस ना?

मग मार्सेलो गार्सियाच्या जुन्या लढती पाहिल्या. 2003 ला साओ पाउलोच्या एडीसीसीत (ग्रॅपलिंगची मोठी स्पर्धा) त्याने पाठीवर जाऊन शाओलिन रिबेरोला गळा आवळून चक्क बेशुद्ध केलं होतं. मी अजून कुणाला बेशुद्ध केलेलं नाही, पण दोघांनी टॅप केलंय. त्यातल्या एकाने बहुधा मन राखायला.

*

ठाण्यात फिजिओथेरपी करते, खेळत नाही. वरचं वाचून राहवलं नाही.

माझ्याकडे ग्रॅपलिंगची मुलं येतात त्यातली बरीच लॉकमुळे नाही, पडण्यामुळे येतात. एक जण उडी मारून दुसऱ्याच्या कमरेला पायांचा विळखा घालतो, दुसऱ्याचा पाय जमिनीत रोवलेला, वजन बाजूने गुडघ्यावर. गुडघ्याला वळायला जागाच नसते. पांढऱ्या पट्ट्याला ज्युजित्सूच्या मोठ्या स्पर्धांत अशी उडी मारायला बंदी आहे, पण वर्गात रेफरी कुठून येणार? नवीन असाल तर आधी पडायला शिका: हनुवटी छातीला, हात मागे टेकायचा नाही. आणि टाच पिळणाऱ्या लॉकमध्ये दुखायची वाट पाहू नका, त्यात दुखणं उशिरा येतं.

*

(धागा काढणारा) नागपूरकर, हसू आलं, माफ करा. ठाणेकर ताई, हात मागे टेकण्याबद्दल आमच्याकडे पहिल्या दिवशी कुणीच सांगितलं नव्हतं. काका, भाच्याची ढाक परत सुरू झाली का?

*

परत कोल्हापूर. झाली. आता आधी त्याचा हात नीट अडकवतो, हुकली तरी पाठ देत नाही.

यात्रेला आला होता. तालमीत म्हणालो, बघू तुझं ते गिलोटिन, म्हाताऱ्यावर हळू लाव. मी आपलं सवयीनं पटात शिरल्यासारखं केलं, मान काखेत गेली, आणि डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली. टॅप करायचं माहीत होतं, पण खाली लाल माती, थापटून आवाज कुठला येणार? म्हणून त्याच्या पाठीवर थापटलं. पोराला वाटलं मामा शाबासकी देतोय. सोडेचना.