बाद होणाऱ्यांची नावं: खेळाचं निवेदन करणाऱ्यांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती
मी 'खेळ पैठणीचा'चं निवेदन करते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आज कोल्हापुरात, तर उद्या आजूबाजूच्या कुठल्यातरी गावात. २००४ साली 'होम मिनिस्टर' सुरू झालं, आदेश बांदेकर घरोघरी जाऊ लागले, आणि मग मंडळामंडळांतून पैठणीचे खेळ रंगायला लागले. आम्हाला काम मिळालं ते त्यातूनच.

गेल्या नवरात्रात राजारामपुरीत संगीत खुर्चीतून एक आजी बाद झाल्या. मी पुकारलं, "हिरव्या साडीतल्या मावशी बाद!" पायरी उतरताना त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, नाव तरी घ्यायचंस की." पैठणी एकीलाच मिळते. बाकीच्या पंचवीस-तीस जणी नटूनथटून येतात, त्यांचं नाव त्या दिवशी एकदाच माइकवरून गल्लीला ऐकू जाणार असतं, आणि तेही मी घेतलं नाही. ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

रेडिओ, टीव्ही, मंच, मैदान, कुठलंही चालेल. बाद होणाऱ्या माणसाला तुम्ही कसं उतरवता?

रंकाळ्याचा वारा
मी आकाशवाणीवर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदक होतो. फोनवरून प्रश्नमंजूषा घ्यायचो. श्रोता लाइनवर आला की पहिलं सांगायचं, "घरातला रेडिओ बारीक करा," नाहीतर आवाज फिरून येतो आणि शिट्टी वाजते. एकदा भुदरगडाकडचा एक शाळकरी मुलगा आला. प्रश्न होता, पंचगंगेच्या पाच नद्या कोणत्या? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एका दमात सांगितल्या आणि पोरगं थांबलं. रेडिओवर चार सेकंद शांतता पडली की लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं. माझं बोट फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर होतं. खाली ओढला असता तर तो तिथंच संपला असता. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता, मागं कुणीतरी भांडी घासत होतं. मी म्हणालो, "पाचवी दिसत नाही रे, गुप्त आहे." तो ओरडलाच, "सरस्वती!"

इशारा दिला होता, म्हणून बक्षीस दिलं नाही. तेही माइकवरच सांगितलं, आणि त्याच्या नावानं, त्याच्या गावाच्या नावानं गाणं लावलं. लपवून बक्षीस दिलं असतं तर बाकीच्या मुलांवर अन्याय झाला असता.

आमच्या पिढीचे गुरू अमीन सयानी. १९५२ ला त्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली तीच मुळी स्पर्धा म्हणून. श्रोत्यांनी सात गाणी काळाच्या क्रमानं लावायची, बक्षीस १०० रुपये. पण "बहनों और भाइयों" म्हटलं की ज्याला बक्षीस मिळालं नाही त्यालाही वाटायचं, हे माझ्याशी बोलतायत.

तालमीचा गडी
मी जत्रंतल्या कुस्त्या पुकारतो. लढत सुरू असतानाच बक्षिसाच्या चिठ्ठ्या येत राहतात, अमक्याकडून पाचशे, तमक्याकडून हजार. एकदा चिठ्ठी वाचत होतो, तेवढ्यात घिस्सा डाव बसला आणि कुस्ती निकाली झाली. मला दिसलंच न्हाई. पडलेल्या पोराचा बा मंचाजवळ आला, म्हणाला, "माझं पोरगं पंधरा मिनिटं झुंजलं, ते सांगितलंसा काय?" मान खाली गेली माझी. तवापास्नं डाव रंगला की चिठ्ठ्या खाली ठेवतो. निकाल झाला की दोघांचंबी नाव, गाव, तालीम, वस्ताद. मग पैसं.

शिवाजी पेठ ते गोरेगाव
टीव्हीवर दिसतो तो सूत्रसंचालक. आवाज देणारा निवेदक वेगळा असू शकतो, हे आपल्याकडं फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेत 'द प्राइस इज राइट' या टीव्हीवरच्या खेळात १९७२ पासून जॉनी ओल्सन प्रेक्षकांतल्या माणसाला नाव घेऊन "कम ऑन डाउन" म्हणून हाक मारायचे. चित्रीकरणाआधी प्रेक्षकांना खुलवायचं कामही त्यांचंच. 'जेपर्डी' या प्रश्नमंजूषेला १९८४ पासून जॉनी गिल्बर्ट यांचा आवाज.

मी गोरेगावात टीव्हीच्या चित्रीकरणाला ते खुलवायचं काम केलं. टाळ्या कधी, किती जोरात, हे शिकवायचं. हरलेला स्पर्धक बाजूच्या दारानं बाहेर यायचा, कुणीतरी त्याच्या कॉलरचा माइक काढायचं. तिथं मी पाणी घेऊन उभा राहायचो. बहुतेकांचा प्रश्न एकच, "मला किती दाखवतील?"

कागलची सून
मी पहिल्याच फेरीत बाद. उखाणा अर्धा झाला आणि वीज गेली. निवेदक दादांनी माझा उखाणा ओळ ओळ ऐकून शेवटच्या रांगेपर्यंत ओरडून सांगितला. सासूबाई तिथंच बसल्या होत्या. अजून पाहुण्यांना सांगतात.

धागाकर्ती
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आता मी बाद झालेलीच्या हातात माइक देते. नाव आणि माहेर तिनंच सांगायचं. मंडळाची पोरं घड्याळ दाखवतात, दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून फुग्यांची फेरी काढून टाकली.

राजारामपुरीतल्या त्या मंडळानं यंदाही बोलावलंय. आजींचं नाव मी विचारून घेतलंय.