शेजारी बेसमेंटसह अपार्टमेंट येतंय : खुदाईआधी काय करून ठेवावं? (कोल्हापूर)

मदत हवी आहे. सानेगुरुजी वसाहत परिसरातला जुना लोडबेअरिंग (भार खांबांवर नाही, भिंतींवर) बंगला. दगडी पाया पाच फूट खोल, त्याखाली काळी माती, मग मुरूम. शेजारचा बंगला पाडून बेसमेंट, स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा पार्किंग मजला) आणि वर पाच मजले होणार. सामाईक कंपाऊंड आमच्या भिंतीपासून सात फुटांवर आहे. खुदाई अजून सुरू नाही. काम थांबवता येतं का? तडे गेले तर ते खुदाईनेच गेले हे सिद्ध कसं करायचं? बोअरच्या पाण्याचं काय? आणि दक्षिणेच्या खिडक्यांचा उजेड जाईल, त्यावर काही उपाय?

नकाशावाचक : थांबवायच्या मागं लागू नका. परवानगीला शेजाऱ्याची संमती लागत नाही. मंजूर नकाशा मात्र आजच मिळवा. प्रकल्प महारेरात (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदलेला असेल तर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी) त्यांच्या साइटवर फुकट दिसतं. प्लॉट ५०० चौ.मी.पर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट असते. मग महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. (पाचगाव-मोरेवाडीकडचं कुणी वाचत असेल तर अर्ज महापालिकेत नको, कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात.)

नकाशात बाजूचं सामासिक अंतर (हद्द आणि इमारतीमध्ये मोकळी सोडायची जागा) आणि बेसमेंटची कडा हद्दीपासून किती, हे आधी बघा. अंतर हद्दीपासून मोजतात, कंपाऊंडपासून नाही, आणि जुनी कंपाऊंडं हद्दीवर असतातच असं नाही. म्हणून मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा) काढा. ‘त्रास होतोय’ अशी तक्रार फाइलला लागते. ‘मंजूर ३ मीटर, जागेवर २.४’ असं लिहून एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६, कलम ५३ (अनधिकृत बांधकाम) खाली कारवाई मागितली तर जागा बघायला माणूस पाठवावा लागतो.

मुरूमखडी : आता खुदाई. तुमच्या पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली रेषा ओढा. त्यांचा खड्डा त्या रेषेला छेदला की पायाखालची माती सरकायला मोकळी. तुमचा पाया ५ फुटांवर, हद्द कंपाऊंडवरच धरली तर ७ फुटांवर, म्हणजे हद्दीलगत १२ फुटांपर्यंत खोदाई जेमतेम रेषेवर येते. बेसमेंट, राफ्ट (तळाचा जाड स्लॅब) आणि पीसीसी (त्याखालचा साध्या काँक्रीटचा थर) धरून १३-१४ फूट सहज होतात. बेसमेंटची कडा दोन-तीन फूट आत घेतली तर तेवढी सवड मिळते, त्यामुळं वाद घालायचाच तर या मुद्द्यावर घाला.

आयएस ३७६४ (खोदाईच्या सुरक्षेचं भारतीय मानक) प्रमाणे मातीत दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर आधार द्यावा लागतो, आणि काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यात जे जास्त तेवढी लांब. प्रत्यक्षात जेसीबीवाला ती तुमच्या कंपाऊंडलाच टेकवतो. तुमच्या बाजूला सलग खोदू देऊ नका. दीड-दोन मीटरच्या पट्ट्या, एक आड एक, आणि पट्टीतली रिटेनिंग वॉल (माती अडवणारी काँक्रीटची भिंत) भरल्यावरच शेजारची पट्टी. हे मे अखेरीआधी उरकलं पाहिजे. काळी माती भिजली की उघडा काठ उभा राहत नाही.

खाली बेसॉल्ट (काळा कठीण खडक) लागला तर तो फोडायला ब्रेकर येणार. तुमच्या बाजूला हद्दीलगत आधी ओळीनं ड्रिलिंग करून घेतलं तर हादरे बरेच तुटतात.

नकाशावाचक : पुराव्याचं काम खुदाईआधीच. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घराची स्थिती नोंदवा : प्रत्येक खोली, प्रत्येक जुना तडा, फोटोत मोजपट्टी दिसलीच पाहिजे. दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. ते सही देत नसतील तर अहवाल स्पीड पोस्टानं, नोंदणीसह पाठवा. जुन्या तड्यांच्या टोकांना पेन्सिलीनं खूण व तारीख, आणि मोठ्या तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसनं काचेची पट्टी आडवी चिकटवा. तडा हलला की काच तुटते.

धागाकर्ता : धन्यवाद. प्लास्टरला केसासारख्या रेषा आत्ताच आहेत. त्यावरून ‘हे जुनंच आहे’ म्हणतील ना? आणि बोअर?

मुरूमखडी : म्हणणारच, म्हणून त्याही नोंदवा. केसासारखी जाळी बहुधा प्लास्टर आकसल्याची असते. पाया खचल्याचा तडा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जातो, एका टोकाला रुंद असतो आणि दार अडकायला लागतं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, त्यामुळं मोसमी तडेही येतात. म्हणून नोंदीची तारीख महत्त्वाची.

बोअरची पातळी आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, वजन बांधलेल्या दोरीनं मोजा. खड्ड्यातलं पाणी उपसताना पंपातून गढूळ पाणी सतत येत असेल तर पाण्याबरोबर बारीक मातीही चाललीय. त्याच क्षणी व्हिडिओ काढून लेखी कळवा आणि उपसा थांबवायला सांगा. बोअर आटणं परवडलं, हे नाही.

वकिलीकाका : उजेडाबद्दल थोडक्यात. ईझमेंट (सुविधाधिकार) कायदा १८८२, कलम १५ : खिडकीतून २० वर्षं अखंड मिळालेल्या उजेडाचा हक्क सांगता येतो. पण उजेड थोडा कमी झाला एवढ्यावर भागत नाही, नुकसान ठोस दाखवावं लागतं, आणि मंजूर अंतर राखून बांधणाऱ्याविरुद्ध ते अवघड. ‘काही झालं तर करून देऊ’ हे बिल्डरचं तोंडी आश्वासन मात्र स्टॅम्प पेपरवर घ्या. दुरुस्ती कुणाच्या इंजिनिअरच्या अंदाजानं, किती दिवसांत, हे त्यात हवं.

मुरूमखडी : एक राहिलं. ते मुरूम टाकून प्लॉट उंच करतील आणि पहिल्या वळवाला पाणी तुमच्या अंगणात येईल. दोन्ही आवारांची पातळी पारदर्शक लेवल ट्यूबनं आत्ताच मोजून कंपाऊंडवर ऑइलपेंटची खूण करा. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकतं.