चार कोपऱ्यांची माती कालवण्याआधी
वर कोणीतरी म्हटलंय की माती दूषित आहे का हे तपासायला प्लॉटच्या चार कोपऱ्यांची आणि मधली माती कालवून एकच नमुना प्रयोगशाळेत पाठवला तरी चालतं. शेताच्या माती परीक्षणाला ते ठीक आहे, पण जुन्या बॅटऱ्या फोडायच्या जागेवर कृपया असं करू नका. तिथे शिसं सारखं पसरलेलं नसतं. बोटाच्या पेराएवढा शिशाचा एक राखाडी तुकडा पिशवीत आला की आकडा कुठच्या कुठे जातो. आधी जागेचे भाग पाडा, मग प्रत्येक भागात किमान 30 ठिकाणांहून, एकाच खोलीवरून, सारख्या मापाने माती घ्या आणि ती त्या भागापुरतीच कालवा. मुलं खेळतात तिथली वरची 2-3 सेंटीमीटर माती वेगळी ठेवा. पेट्रोल झिरपलेलं असेल तर मात्र कालवूच नका. कालवताना पेट्रोलमधलं बेंझीन हे विषारी द्रव्य उडून जातं आणि घाण माती कागदावर स्वच्छ दिसते.