प्रति: पेरूत माचू पिच्चूशिवाय काय पाहावं?
माचू पिच्चू आणि कुस्कोबद्दल वर छान लिहिलंय, माझ्याकडून अरेकिपाची भर. ज्वालामुखीच्या पांढऱ्या दगडात बांधलेलं देखणं शहर. १५७९ साली स्थापन झालेला सांता कातालिना मठ म्हणजे शहराच्या पोटातलं दुसरं शहरच: निळ्या-तांबड्या भिंती, अरुंद गल्ल्या. अर्धा दिवस द्याच!

तिथून कोल्का दरी. कोंडोर बघायला क्रूस देल कोंदोर या दरीकाठच्या जागी सकाळीच पोहोचा. ऊन तापून हवा वर चढू लागली की हे गिधाड पंख न हलवता दरीतून वर येतं, तीन मीटरचा पंखविस्तार अगदी डोळ्यांसमोरून जातो. केवळ अप्रतिम! वाटेत ४,९०० मीटरची खिंड लागते, म्हणून उंचीची सवय व्हायला आधी अरेकिपात दोन रात्री काढा. कोकाच्या (ज्यापासून कोकेन बनतं त्या झुडपाच्या) पानांचा चहा तिथंच प्या, पानं मात्र भारतात आणू नका.