चार तास चालायला सोबत: गोल्फचे अनुभव लिहा

अठरा होलची फेरी पायी करायला चार तास तरी जातात. त्यात चेंडूला स्टिक लागते ते क्षण एकत्र केले तर दोन मिनिटंही भरणार नाहीत. बाकी सगळं चालणं, झुडपात शोधणं आणि गप्पा. मी आणि माझा मित्र, आमच्या फेरीत सहाव्या होलनंतर स्कोअर कुणी लिहीत नाही. त्याच्या वडिलांचं आजारपण, माझी सुटलेली नोकरी, सगळं फेअरवेवरच, म्हणजे होलकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावरच बोलून झालं. चहाला समोरासमोर बसून आम्ही दोघंही तोंड उघडत नाही.

हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) किती आणि स्टिक कितीची, ते नको. जिवाभावाच्या माणसाबरोबरची एखादी फेरी सांगा.

*

खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं मैदान आहे, तिथे ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा गेले. दोघीही चाळिशी ओलांडलेल्या. मी ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची स्टिक, जोरात फिरवली. चेंडूखालची खुंटी, टी, उडाली, चेंडू जागच्या जागी! मागे चार काका आपली पाळी यायची वाट बघत उभे. मैत्रीण कुजबुजली, "अगं, सराव होता म्हणून सांग." सांगितलं. त्यातले एक काका म्हणाले, "चालू द्या, आमचाही तीस वर्षं सरावच चाललाय."

दिवसअखेर सात चेंडू हरवले, दुसऱ्यांचे तीन सापडले.

*

चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९पासून तीनच. आम्ही दोघं हा नियम पाळत नाही. झुडपात एकदा शिरलो की गावाकडच्या जमिनीचा विषय निघतो.

*

एडिंबराला राहतो. पुण्याचा शाळूसोबती आला म्हणून सेंट अँड्र्यूजला नेला. तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायला मिळणं कठीण, आणि त्यात रविवार. रविवारी तिथे गोल्फ बंद असतो, गावकरी कुत्री घेऊन फिरतात. मित्राचा चेहरा पडला. म्हटलं चल, शेजारी 'हिमालय' आहे.

हे खरंच नाव आहे. उंचवट्या-खळग्यांचं पटिंगचं, म्हणजे चेंडू जमिनीवरून हळूच होलमध्ये ढकलण्याचं मैदान, बायकांच्या क्लबने १८६७पासून चालवलेलं. त्या काळी बायकांनी स्टिक खांद्यावर उचलून फटका मारणं शोभत नाही म्हणे, म्हणून फक्त पटिंग! थोडक्या पौंडांत पटर आणि चेंडू हातात देतात. माझा चेंडू चढ चढायचा, जरा थबकायचा आणि पायाशी परत यायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा मित्राने पायाने थोपवून पुढे ढकलला आणि म्हणाला, "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री!" आजूबाजूच्या स्कॉटिश आज्ज्यांना आम्ही एवढे का हसतोय ते कळेना. समजावणार तरी कसं, यशवंतरावांपासून सुरुवात करावी लागली असती.

तो जिंकला. त्याच्या मते.

*

एवढं पाणी गवताला आणि आमच्याकडे टँकर. राग येतो. तरी भाऊजींबरोबर दोनदा गेलोय, मजा आली हेही खरं.

*

मी कॅडी होतो, क्लबचं नाव लिहीत नाही. बॅग उचलून दिवसभर साहेबांच्या मागे. सोमवारी मैदान बंद, तेव्हा कॅडींना खेळू द्यायचे. माझा दोस्त आणि मी, दोघांत मिळून तीन स्टिक: सात नंबर, एक वेज आणि दांडीला सुतळी गुंडाळलेला पटर. चेंडू तळ्यातून काढलेले. त्याने मारला की स्टिक माझ्या हातात, मी मारला की त्याच्या. त्यामुळे दोघांना एकमेकांजवळच राहावं लागायचं. माझा चेंडू डावीकडे गेला तर तोही डावीकडे.

साहेब लोकांना ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा, उतार आम्हीच सांगायचो. आपसात मात्र मुद्दाम चुकीचा सांगायचो. तो म्हणायचा "उजवीकडून घे", मी डावीकडून घ्यायचो, आणि पठ्ठ्याने नेमकं त्या वेळी खरं सांगितलेलं असायचं.

आता तो पोरांना शिकवतो, मी रिक्षा चालवतो. आता दोघांकडे आपापली बॅग आहे, जुनी का होईना. मागच्या सोमवारी खेळलो. चौथ्या होलला त्याने आपली बॅग झाडाखाली ठेवली आणि माझ्यापुढे हात केला, "सात नंबर दे."