क्रिएटिनिन नॉर्मल आलंय, मग परत लघवीची एसीआर टेस्ट कशाला?

उनाडपाऊस:
आईचं वय ६२, बीपी नऊ वर्षांपासून, गोळी रोज चालू. परवा रक्त लघवी तपासली, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) १.१ आणि लघवीत प्रोटीन निल. मी म्हटलं चला किडनी ओके, तर डॉक्टर म्हणतात आता लघवीची एसीआर करून आणा. प्रोटीन निल आलंय ना, मग पुन्हा तेच कशाला? आई वैतागलीये, म्हणते पाय सुजत नाहीत, लघवी नीट होते, उगाच सुया टोचायच्या (लघवीच्या टेस्टला सुई नसते हे सांगून झालंय). कोणी केलीये का ही?

परीक्षानळी:
लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, निल म्हणजे पट्टीवर काही दिसलं नाही, एवढंच. पट्टी लघवीत बुडवून रंग बघतात, अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रोटीन) थोडंसंच असेल तर रंग बदलतच नाही, त्यात पेशंट येताना बाटलीभर पाणी पिऊन आला की लघवी पातळ, मग तर निलच. एसीआरमध्ये अल्ब्युमिनला लघवीतल्याच क्रिएटिनिनने भागतात, त्यामुळे घट्ट-पातळचा घोळ मिटतो. ३० मिलिग्रॅम पर ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीये, त्याच्या वर म्हणजे बरीच. युनिट नक्की बघा, काही रिपोर्ट मिलिग्रॅम पर मिलिमोलमध्ये असतात, तिथे ३० च्या जागी ३ धरायचे. सकाळची पहिली लघवी आणा, बाकी उपाशीबिपाशी राहायची गरज नाही.

जुनाबीपीवाला:
वरचं बरोबर आहे, पण मला त्या १.१ बद्दल बोलायचंय. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे आकडा तोच असला तरी अर्थ माणसागणिक बदलतो. ३० वर्षांच्या पुरुषाचं १.१ असेल तर ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) ९० च्या वर निघतो, तेच १.१ तुमच्या आईच्या वयाच्या बाईला घातलं की ५७ च्या आसपास!! २०२१ च्या सूत्राने आत्ताच काढून बघितलं. आणि ६० च्या खाली तीन महिने राहिला तर त्याला किडनीचा आजारच म्हणतात, रिपोर्टवर नॉर्मल छापलेलं असो नाहीतर नसो. घाबरू नका, एका रिपोर्टवरून काही ठरत नाही, पण डॉक्टरांनी बहुतेक तेच बघून सांगितलंय.

माझी एसीआर पहिल्यांदा ८५ आली, मी हबकलो, नंतर लक्षात आलं की दोन दिवस आधीपर्यंत ताप होता. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशी दणकून व्यायाम, कशानेही वाढते. तीन महिन्यांत अजून दोनदा केली, ४४ आणि ५१, मग मात्र मान्य करावंच लागलं. डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, तिने बीपी पण उतरतं आणि गळती पण कमी होते. सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघितलं, क्रिएटिनिन जरासं वाढलं होतं, म्हणाले ३० टक्क्यांपर्यंत चालतं, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

परीक्षानळी:
आणि हो, सूज येईपर्यंत थांबायचं नसतं, सुरुवातीला काहीच जाणवत नाही. आई दुखण्याच्या गोळ्या घेतात का, त्यांनी किडनीला त्रास होतो? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे?

उनाडपाऊस:
धन्यवाद दोघांनाही, ५७ वाचून पोटात गोळा आला. दुखण्याच्या गोळ्या घेत नाही असं लिहिणारच होतो, म्हटलं तरी विचारून घेऊ. तर तिच्या उशाच्या डब्यात डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी निघाली, गुडघ्यासाठी दीड वर्षापासून जवळपास रोज एक, "त्यात काय सांगायचं" म्हणे. डॉक्टरांनाही माहीत नाही. उद्या लघवीच्या बाटलीबरोबर ती पट्टी पण घेऊन जातोय.