गाण्याच्या कार्यक्रमात कॅमेरा घेऊन पुढे जायची परवानगी कशी मिळते?

सिंदफणा

राहायला बीडला. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी या दोन लेन्स. मैफली, ऑर्केस्ट्रा, कव्वाली, लावणी अशा चालू कार्यक्रमांचे फोटो काढायला शिकायचंय. पण तिकीट काढून गेलं की गेटवरच कॅमेरा अडवतात, आणि आत गेलं तरी दहाव्या रांगेतून नुसती डोकी दिसतात. प्रेसचं कार्ड नाही, कोणाची ओळख नाही. परवानगी नक्की कोणाला मागायची, कधी मागायची आणि काय म्हणून मागायची? आणि या साहित्यात भागेल का?

---

मांजराकाठ

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. तिकीट म्हणजे बसायची जागा. कॅमेऱ्याची परवानगी वेगळी असते आणि ती देणारा माणूसही वेगळा असतो. मोठ्या तिकिटाच्या कार्यक्रमांत लेन्स बदलता येणारा कॅमेरा नको, असं तिकिटाच्या अटींतच लिहिलेलं असतं. गेटवरच्या पोराशी वाद घालून काही होत नाही, त्याच्या हातात काहीच नसतं. शिवाय तिथं कॅमेरा ठेवायला जागाही नसते, म्हणजे तिकीटही वाया जातं.

म्हणून सुरुवात अशा ठिकाणी करा जिथं गेटच नाही. मराठवाड्यात अशा कार्यक्रमांना तोटा नाही. १४ एप्रिलच्या आगेमागे गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम होतात. गणपती-नवरात्रात मंडळांचे ऑर्केस्ट्रा असतात, दिवाळी पहाट असते, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली असते. डिसेंबर ते फेब्रुवारी कॉलेजांची स्नेहसंमेलनं चालतात. इथं मंडळाच्या अध्यक्षाला किंवा सांस्कृतिक विभागाच्या सरांना दुपारीच भेटून विचारलं की स्टेजच्या कडेला उभं राहायला कोणी नाही म्हणत नाही. चार-पाच कार्यक्रम झाले की त्यातले फक्त बारा ते पंधरा फोटो निवडा. चाळीस नको. बघणारा पहिले पाच बघतो. त्यात एकाच गायकाचे सहा फोटो नसावेत. एखादा चेहरा, एखादा नुसता हात आणि वाद्य, एक पूर्ण रंगमंच, एक श्रोत्यांचा, असं वेगवेगळं हवं. हा संच हातात आला की पुढचं दार ठोठवायचं.

मागायचं आयोजकाला, कलाकाराला नाही. कलाकार फार तर 'संयोजकांना विचारा' म्हणेल. अंबाजोगाईला नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो, तो समितीचा असतो, म्हणून समितीला लिहायचं. विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी विद्यार्थी विकास विभाग. वेरूळ-अजिंठा महोत्सवासारख्या सरकारी कार्यक्रमात जिल्हा प्रशासन असतं आणि पत्रकारांचे पास जिल्हा माहिती कार्यालयाकडून हलतात. तिथं पहिल्याच वर्षी प्रयत्न करू नका. आधी एखाद्या स्थानिक दैनिकासाठी किंवा साप्ताहिकासाठी काम सुरू करा आणि संपादकाच्या सहीचं, तारीख घातलेलं पत्र घेऊन जा. माळेगावच्या यात्रेतला लावणी महोत्सव नांदेड जिल्हा परिषद घेते, तिथंही तसंच.

वेळ म्हणाल तर दहा ते पंधरा दिवस आधी. महिनाभर आधी विचारलं तर विसरतात, आदल्या दिवशी विचारलं तर फोनच उचलत नाहीत. आधी लेखी पाठवा, दोन दिवसांनी एक फोन करा. मजकूर एवढाच पुरे:

'नमस्कार. आपल्या १२ तारखेच्या गायनाच्या कार्यक्रमाचे फोटो काढण्याची परवानगी मिळावी. मी एकटाच येईन. फ्लॅश वापरणार नाही, रंगमंचावर चढणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत निवडक वीस फोटो आपल्याला देईन, ते आपण माझ्या नावासह वापरावेत. आधीच्या कामाचे फोटो सोबत जोडले आहेत.'

'मी नवशिका आहे, संधी द्या' असं लिहू नका. समितीला विद्यार्थी नको असतो, दुसऱ्या दिवशीच्या बातमीला फोटो हवा असतो. उत्तर आलं की ते फोनमध्ये जपून ठेवा आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांचं नाव-नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. कार्यक्रमाच्या वेळी गेटवर रेंज नसते आणि परवानगी देणारा माणूस पाहुण्यांना आणायला गेलेला असतो. इथंच निम्मी परवानगी वाया जाते.

---

बालाघाट

वरच्या उत्तरात एक राहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं आहे. दीपप्रज्वलन आणि सत्कार. नवीन फोटोग्राफरला वाटतं, हे काय काढायचं, गाणं सुरू झालं की बघू. पण आयोजकाला पहिल्यांदा लागतो तो समईजवळचा फोटो. सगळे पाहुणे दिसले पाहिजेत, कोणाचा चेहरा दुसऱ्याच्या खांद्याआड नको, डोळे उघडे हवेत. तो एक फोटो रात्रीच त्यांना पोचला तर पुढच्या वर्षी तुम्हाला मागावं लागत नाही, तेच बोलावतात. त्यासाठी ४५ मिनिटं आधी पोचायचं, समई कुठं ठेवलीय ते बघायचं आणि ज्या बाजूला पाहुणे रांगेनं उभे राहतील त्याच्या समोर जागा धरायची. इथं १८-५५ उत्तम चालते.

फोटो देताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, दबून खराब होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लांब बाजू २००० पिक्सेल आणि फाईल एक-दोन एमबी पुरते. खाली ओळ लिहा: कोण, काय गाताना, कुठं, कधी, डावीकडून साथीदारांची नावं. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण हे कार्यक्रमाआधीच विचारून घ्या. नाव चुकलं की साथीदार दुखावतात, आणि पुढच्या मैफलीला तेच असतात.

आणि ओळख करायची तर साऊंडवाल्याशी आणि लाईटवाल्याशी करा. कोणत्या गावात कधी कोणाचा कार्यक्रम आहे हे त्यांना पोस्टर छापायच्या आधी माहीत असतं. साऊंड चेकला जाऊन बसा. त्या वेळी कोणी हटकत नाही आणि उजेड कुठून पडणार ते कळतं.

---

सिंदफणा

फार उपयोगाचं आहे, दोघांचे आभार. साहित्याचं कोणी सांगेल का? आतापर्यंतचे फोटो हललेले येतात, आणि एलईडी लाईटमध्ये काळे पट्टे पडतात. शास्त्रीय गायनाला कॅमेऱ्याचा आवाज चालतो का?

---

उजेडवाट

एक एक घेऊ.

हललेले फोटो: ५५-२५० लांबच्या टोकाला एफ/५.६ च्या पुढं उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं). ५० मिमी एफ/१.८ ही स्वस्त लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. पुढची खरेदी तीच करा, कॅमेरा बदलू नका. तुमच्या सेन्सरवर ती ८० मिमीसारखी वागते, म्हणजे पहिल्या रांगेच्या कडेवरून गायकाचा कमरेपासून वरचा फोटो बसतो. एफ/२ किंवा एफ/२.२ ला ठेवा, कारण १.८ ला डोळा शार्प आला तर कान धूसर होतो. शटरचा वेग बैठकीच्या गायनाला १/१६० सेकंद पुरतो, ऑर्केस्ट्राला १/२५०. लावणीत गिरकी थांबवायची तर १/५०० लागतात. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० बिनधास्त वापरा. दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही. मोड मॅन्युअल आणि फाईल रॉ (कॅमेऱ्यानं न दाबलेली मूळ फाईल) ठेवा. मागं काळा पडदा असला की ऑटो कॅमेरा त्याला उजळ करायला बघतो आणि चेहरा पांढराफटक होतो. चेहऱ्यावर मोजून एक्स्पोजर बांधून टाका, लाईट बदलला तरच हलवा.

निळा-जांभळा लाईट हा मोठा त्रास आहे. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) साधा बघाल तर सगळं ठीक दिसतं, पण एकटा निळा रंग मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि नाक-गाल सपाट होतात. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि अशा वेळी एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड घ्या. तरी नाही जमलं तर थांबा. लाईटवाला ध्रुवपदाला किंवा टाळ्यांना बहुतेक वेळा पांढरा टाकतोच.

पट्टे: स्टेजवरचे स्वस्त एलईडी दिवे ('पार लाईट') सतत जळत नाहीत, फार वेगानं उघडझाप करतात. मंद केले की जास्तच. शटर जितकं वेगवान तितके पट्टे जास्त. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईट-हॅलोजनसारखे दिवे सेकंदाला शंभरदा उजळतात. तिथं १/१०० किंवा १/५० ला पट्टा जातो. एलईडीचा वेग प्रत्येक कंपनीचा वेगळा. साऊंड चेकला १/१००, १/१२५, १/१६०, १/२५० असे चार फोटो काढा, मोठे करून बघा आणि ज्याला पट्टा नाही तो धरा. मागच्या एलईडी भिंतीचंही तसंच. मिररलेसवाल्यांनी सायलेंट शटरवर भरवसा ठेवू नये, सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो म्हणून पट्टे तिथंच सगळ्यात जास्त येतात.

आवाज: नाही चालत. तुमचा डीएसएलआर आहे, आरसा खटकन वाजतो. षड्ज लागतोय, तंबोरे जुळताहेत, आलाप चालू आहे, तेव्हा बोट बटणावरून काढा. तबला आला, लय वाढली, की समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) एक-एक फोटो घ्या. बटण दाबून धरून सलग फोटो नको. टाळ्यांत हवे तेवढे घ्या. हा नुसता शिष्टाचार नाही, सम येते तेव्हाच गायकाचा हात उठतो आणि चेहरा उघडतो, फोटोही तिथंच आहे. कार्यक्रमाआधी रागाची बढत ऐकून जा, कधी काय होणार ते कळतं.

माईक तोंडावर येतो म्हणून समोर उभं राहू नका. गायक माईक ज्या हातात धरतो त्याच्या दुसऱ्या बाजूनं, साधारण ४५ अंशांत जा. याच कोनाचा आपल्याकडं आणखी एक फायदा आहे: मागं नेत्यांचे चेहरे असलेलं मोठं फ्लेक्स असतं, कडेनं काढलं की त्याच्या जागी विंगेतला काळा पडदा येतो.

---

मांजराकाठ

आणखी थोडं. मोठ्या बँडच्या कार्यक्रमात पास मिळाला तरी 'पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही' अशी रीत जगभर आहे. ती संपली की कोणी सांगायची वाट न बघता बाहेर यायचं. त्यामुळं पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत सेटिंग तयार हवं. स्पीकरसमोर उभं राहणार असाल तर कानात बोळे घाला. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं हीच सुरक्षित मर्यादा धरतात.

रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे, काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते. म्हणून भाषणं लांबली की गाणं आटोपतं घेतात. 'शेवटी चांगले काढू' असं ठरवू नका.

परवानगी फोटोची मागितली असेल तर व्हिडिओ काढू नका. कलाकाराचे हक्क तिथं वेगळे लागू होतात आणि एक मिनिटाची क्लिप टाकल्यामुळं आयोजक अडचणीत येतो. लावणीच्या कलावंतांच्या मेकअपच्या खोलीत त्यांनी स्वतः बोलावल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि तिथं काढलेला फोटो त्यांना दाखवून, विचारूनच बाहेर द्या.

पैशाचं: सुरुवातीचे काही कार्यक्रम फुकट केले तरी हरकत नाही.

---

बालाघाट

फुकटवर माझं मत वेगळं आहे. मंडळ, कॉलेज, संगीत सभा यांच्यासाठी करा. पण जिथं तिकीट लावलंय, प्रायोजकाचे फलक आहेत, तिथं निदान प्रवासखर्च आणि फोटोखाली नाव आधी लिहून घ्या. आणि पैसे घेतले तर हेही बघा: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा होतो. म्हणून 'फोटो माझ्या संग्रहात आणि कामाचा नमुना म्हणून वापरता येतील' हे एक वाक्य निरोपात टाकून त्यावर त्यांचं 'हो' घ्या.

बाकी, उघड्या मैदानावर लेन्स बदलू नका. उन्हाळ्यात पायाखालची धूळ सेन्सरवर बसते आणि मग प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग. ५० मिमी लावूनच घरून निघा. दोन बॅटऱ्या आणि ३२ जीबीची दोन कार्डं न्या. रॉ फाईल २५-३० एमबीची, म्हणजे एका कार्डात हजारेक बसतात. १५००डीला कार्डाचा खाचा एकच आहे, तेव्हा मध्यंतरात कार्ड बदला. दुसरं बिघडलं तरी समईचा फोटो पहिल्यात राहतो.